लामेकची आदर्श अटक

आमच्या देशात लोकशाही येऊन अकरा महिने झाले होते, तेव्हा म्पालेंगा बाजारातल्या लामेक नावाच्या सायकल दुरुस्तीवाल्याला ट्यूबमध्ये हवा भरताना पकडण्यात आलं.

हवा भरणं हा गुन्हा नव्हता, आजही नाही. झालं असं, की मंत्रीमहोदयांच्या गाड्यांचा ताफा बाजारातून चालला होता. जुन्या साहेबांच्या राजवटीत ताफा दिसला की माणसाने हातातलं काम टाकून उभं राहायचं, टोपी काढायची आणि शेवटची गाडी धुळीत दिसेनाशी होईपर्यंत चेहरा आनंदी ठेवायचा, असा नियम होता. तीस वर्षांत लोकांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की रुग्णवाहिका गेली तरी बाजार उभा राहायचा. मग लोकशाही आली आणि रेडिओवर सांगितलं, आता कुणापुढे उभं राहायची गरज नाही. बाजारातल्या चारशे माणसांनी ते ऐकलं, माना डोलावल्या, आणि ताफा आला तेव्हा ती नेहमीप्रमाणे उभी राहिली. एकटा लामेक बसून पंप मारत राहिला. सरकारने सांगितलेलं खरं मानायची त्याला लहानपणापासून खोड होती.

खरी पंचाईत ठाण्यात झाली. नोंदवहीत ‘गुन्हा’ असा रकाना होता आणि उभं न राहण्याचा गुन्हा तर नव्या राज्यघटनेने पुसून टाकला होता. इन्स्पेक्टर चिमेन्या हे सरळमार्गी गृहस्थ. खोटा गुन्हा लिहिणं त्यांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी रकाना कोरा सोडला. दुसऱ्या दिवशी लामेकला सोडायला निघाले, तर ‘आरोप मागे घेतल्याची नोंद’ हा रकाना आडवा आला. जो आरोप ठेवलाच नाही, तो मागे घ्यायचा कसा? चोर सोडता येत होता, दारुडा सोडता येत होता. निरपराध माणसाला सोडायची सोय त्या वहीत नव्हती.

लामेकची थोरली बहीण एनिफा बाजारात मांदासी तळून विकायची. पिठाचे हे गोड गोळे सकाळी आठच्या आत संपायचे, मग ती घरी जाऊन मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा शिजवायची आणि सोबत सुक्या मासळीचं कालवण घेऊन कोठडीवर यायची. आमच्याकडे कैद्याला सरकार फक्त भिंती पुरवतं, जेवण घरचं असतं. आठवडाभर तिने काही विचारलं नाही. नवव्या दिवशी मात्र तिने पातेलं इन्स्पेक्टरांच्या टेबलावरच ठेवलं.

“साहेब, पोरीचं लग्न ठरलंय माझ्या.”

“अभिनंदन, माई.”

“अभिनंदनाला चाटू का? मामा तुमच्याकडे आहे.”

इन्स्पेक्टरांनी मान खाली घातली. गोष्ट गंभीर होती, ती त्यांनाही कळत होती. आमच्यात मुलगी देतो तो बाप नव्हे, मामा. दोन्हीकडचे मामा समोरासमोर बसतात, मुलीचा मामा कोंबडी देतो, मुलाचा मामा कोंबडा देतो, तेव्हा लग्न लागतं. बाकी नाचगाणं झालं तर झालं, नाही तर नाही. एनिफाला भाऊ एकच. तिच्या मुलीला, तियामिकेला, ज्याने मागणी घातली होती तो मुलगा दक्षिणेला खाणीत कामाला निघाला होता. तो निघायच्या आत कोंबडं बदललं नाही, तर बसलंच सगळं.

“चुलत भावाला बसवा ना,” इन्स्पेक्टर म्हणाले.

“विचारलं मी. मुलाचे मामा, न्खाता, काय म्हणाले माहितेय? म्हणाले, सख्खा मामा असताना दुसरा बसला, तर सख्खा मेला असं धरून आम्ही आधी दुखवट्याला येतो.”

“मी त्याला सोडायला तयार आहे हो. पण लिहू काय?” इन्स्पेक्टरांनी वही तिच्याकडे फिरवली. “तुम्ही त्या नव्या कचेरीत जा. हक्कवाल्यांच्या. त्यांच्याकडे या सगळ्याचे शब्द असतात.”

नव्या कचेरीवर निळी पाटी होती : ‘मानवी हक्क व नागरी समाज संवर्धन मंच, म्पालेंगा विभाग’. आत विभागीय समन्वयक म्हणून वायसन काचिंगा बसले होते. एनिफा त्यांना ओळखत होती. अख्खा बाजार ओळखत होता. जुन्या साहेबांच्या काळात हाच वायसन बाजाराच्या तोंडाशी पक्षाची कार्डं तपासायला उभा असायचा. कार्ड नसेल तर बाजारात पाय नाही. तियामिके पोटात असताना त्याने एनिफाला अडवून पोटातल्या बाळाचंही कार्ड मागितलं होतं. आता त्याच्या टोपीवर ‘प्रत्येक माणूस जन्मतः स्वतंत्र आहे’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे एकूण त्याचं मतपरिवर्तन झालं होतं म्हणायचं.

“बसा, माई. बसणं हा तुमचा हक्क आहे.”

“वायसन, मला बसायला वेळ नाही. लामेकला सोडव.”

“सोडवणं आमच्या कार्यकक्षेत येत नाही. आम्ही सक्षम करतो.”

“कुणाला?”

“तुम्हाला.”

“मला काय धाड भरलीय? मी दोन पोरं वाढवली, नवरा पुरला, रोज पहाटे लाकडाचा भारा वाहते. सक्षम त्या इन्स्पेक्टरला कर.”

काचिंगांनी हे वाक्य लिहून घेतलं. मग त्यांनी समजावलं की लामेक हा पीडित असून एनिफा ही पीडिताची आप्त आहे. परंतु आप्ताला आपण आप्त असल्याची जाणीव प्रशिक्षणातून झाल्याखेरीज अर्ज दाखल होऊ शकत नाही. तीन दिवसांची कार्यशाळा येत्या सोमवारी होती. भीक नको पण कुत्रं आवर, असं एनिफाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गरज तिची होती. तिने नाव लिहून दिलं.

कार्यशाळा चर्चच्या सभागृहात भरली. पहिल्या दिवशी प्रत्येकाला रंगीत कागद देऊन त्यावर आपली अपेक्षा लिहायला सांगितली. एनिफाने लिहिलं, ‘लामेक घरी यावा.’ काचिंगांनी कागद भिंतीवरून उतरवला.

“माई, ही मागणी झाली. अपेक्षा वेगळी असते.”

“वेगळी म्हणजे कशी?”

“पुरी न झाली तरी चालते ती अपेक्षा.”

मग त्यांनी स्वतःच तिच्या वतीने लिहिलं, ‘सहभागींना आपल्या हक्कांची सखोल जाण व्हावी,’ आणि कागद परत चिकटवला. दुपारी बायकांचं नाच-गाणं झालं. पूर्वी साहेबांच्या स्वागताला ज्या बायका त्यांच्या चेहऱ्याचं छापील कापड कमरेला गुंडाळून नाचायच्या, त्याच होत्या. कापडावर आता चेहऱ्याऐवजी तराजू होता. गाण्यात साहेबांच्या नावाच्या जागी ‘हक्क’ घातला होता, आणि चाल कुठेही अडली नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला.

आता या कार्यशाळेचा काहीच उपयोग झाला नाही असं कुणी म्हणेल, तर तो अन्याय होईल. एका माणसावर तिचा जबर परिणाम झाला. ते म्हणजे इन्स्पेक्टर चिमेन्या. ते शेवटच्या रांगेत बसून सगळं लिहून घेत होते. अटक केलेल्या माणसाला अठ्ठेचाळीस तासांत न्यायालयापुढे उभं करावं लागतं, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला. लामेकचे चारशे आठ तास झाले होते. रात्रभर त्यांना झोप आली नाही आणि सकाळी ते ठाण्यात आले ते ठरवूनच. एनिफाला त्यांनी निरोप पाठवला, की येऊन भावाला घेऊन जा, वहीचं काय व्हायचं ते होवो.

एनिफा धावत आली. तिच्या पाठोपाठ, कोण जाणे कुणी सांगितलं, काचिंगाही धावत आले.

“थांबा साहेब. काय करताय हे?”

“सोडतोय,” इन्स्पेक्टर म्हणाले. “तुम्हीच शिकवलंत.”

“असं सोडाल तर तो उपकार होईल. आज तुमची लहर लागली म्हणून सोडलंत, उद्या लहर फिरली तर पकडाल. माणूस हक्काने सुटला पाहिजे. ही अटक साधी नाही साहेब, आदर्श आहे. गुन्हा नाही, आरोप नाही, मारहाण नाही. निव्वळ, शुद्ध अन्याय आहे. इतकं स्वच्छ प्रकरण अख्ख्या दक्षिण विभागात नाही. परदेशातून पाहणी पथक यायचंय. त्यांच्यासमोर, सर्व संबंधितांच्या उपस्थितीत हा सुटेल. तुमच्या ठाण्याला हक्कस्नेही ठाणं म्हणून मानपत्र मिळेल ते वेगळंच.”

“पथक कधी येतंय?” इन्स्पेक्टरांनी विचारलं. मानपत्र म्हटल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

“पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी.”

“मुलगा त्याच्या पुढच्याच सोमवारी निघतोय,” एनिफा म्हणाली. “शनिवारपर्यंत जीव टांगणीला लावू मी? आत्ता दोन पावलांवर आहे तो.”

“माई, उलट छान झालं,” काचिंगा म्हणाले. “अकरा वाजता मामा सुटेल, बारा वाजता तिथेच मांडवात कोंबड्यांची अदलाबदल. पथकाला आपली संस्कृतीही दिसेल. मी कार्यक्रमपत्रिकेत घालतो.”

एनिफाने गजांतून लामेककडे पाहिलं. लामेक म्हणाला, “ताई, मला कुणी विचारणार आहे का?” काचिंगांनी वही काढली आणि त्याला कसं वाटतंय ते विचारलं. लामेक म्हणाला, दाराच्या त्या बाजूला जास्त बरं वाटेल. तेही लिहून घेतलं गेलं.

तिथून पुढे लामेकला क्षणाची उसंत राहिली नाही. मंचाच्या प्रत्येक तुकडीची शेवटची भेट कोठडीला असायची. शिक्षक आले, सुईणी आल्या, तळ्याकाठचे कोळी आले. लामेकने आपली हकीकत सांगायची, मग प्रश्न, मग टाळ्या. येणारे हातात काहीतरी खाऊ घेऊन यायचे, त्यामुळे तो चांगला गरगरीत झाला. एके दिवशी काचिंगांनी एनिफाला बाजूला घेऊन सांगितलं, की न्सिमा जरा कमी आणत जा, अन्याय झालेला माणूस असा दिसत नाही. एनिफाने तळणाचा झारा हातात होता तो तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

कोठडीतून लामेक एकदा म्हणाला, “ताई, मला आता भीती वाटायला लागलीय.”

“कशाची रे?”

“परवा मी गोष्ट सांगताना चुकलो. पंप उजव्या हातात होता म्हणालो, डाव्यात होता. तर मागून वायसनने दुरुस्त केलं. माझी गोष्ट त्याला माझ्यापेक्षा पाठ आहे. आता मी नसलो तरी त्यांचं अडणार नाही. मग मला सोडतील कशाला?”

“सोडायलाच पाहिजे त्यांना. पत्रिकेत छापलंय,” एनिफा म्हणाली. छापलेल्याचा तिला फारसा भरवसा नव्हता, पण भावाला दुसरं काय सांगणार?

शनिवार उजाडला. ठाण्यासमोर मांडव पडला. न्खाता मामा नवा कोट घालून, काखेत कोंबडा धरून पहिल्या रांगेत बसले. तियामिकेने कोंबडी मांडीवर घेतली होती आणि तिचे पाय चिटेंजेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाने बांधले होते, फार घट्ट नको म्हणून ती दर थोड्या वेळाने गाठ सैल करत होती. बायका नाचल्या. बरोबर साडेदहाला पथक आलं.

पथकाच्या प्रमुख एक उंच, मायाळू बाई होत्या. त्या थेट कोठडीपाशी गेल्या, गजांतून लामेकचा हात हातात घेतला आणि शेवटपर्यंत त्याची गोष्ट ऐकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. मग इन्स्पेक्टरांनी कुलपाला हात घातला, तेवढ्यात बाईंच्या सहायकाने फायलीत पाहून एक शंका विचारली.

“या विभागात बेकायदा अटकेत किती जण आहेत?”

“एक,” काचिंगा अभिमानाने म्हणाले.

“आणि याला सोडल्यावर?”

“एकही नाही.”

सहायकाने फाइल मिटली. त्याने अत्यंत अदबीने सांगितलं की बेकायदा अटक कमी करण्याचा तीन वर्षांचा कार्यक्रम पथकाने म्पालेंगासाठी आखला आहे. त्यात ठाण्याला मोटारसायकल आहे, सभागृहाला नवं छप्पर आहे, बायकांच्या मंडळाला शिवणयंत्रं आहेत. परंतु जिथे अशी अटक नाही, तिथे ती कमी करणार कशी? पायाभूत पाहणी पावसाळ्यानंतर होईल. तोवर आकडा निदान एकच्या खाली जाऊ नये.

बाईंचा चेहरा उतरला. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, की हा निर्णय बाहेरच्यांनी घेणं योग्य नाही, तो इथल्या समाजानेच घ्यावा.

काचिंगांनी लगेच मतदान घेतलं. तीस वर्षांत म्पालेंगात पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नावर मोकळेपणाने हात वर होत होते, आणि कुणाच्याही मागे कुणी दंडुका घेऊन उभं नव्हतं. लामेकने पाहणीपर्यंत राहावं या बाजूने तीनशे एक्याऐंशी हात पडले. त्यात चर्चचे फादर होते, नाचणाऱ्या बायका होत्या, लामेककडे ज्यांच्या सायकली दुरुस्तीला पडून होत्या तेही होते. इन्स्पेक्टरांनी हात अर्धा वर केला, तो पूर्ण धरण्यात आला. विरोधात तीन हात होते. एक एनिफाचा, एक तियामिकेचा आणि एक गजांतून बाहेर आलेला. हा तिसरा, मतदार अटकेत असल्यामुळे, बाद ठरला.

न्खाता मामा उठले. त्यांनी कोंबडा दुसऱ्या काखेत घेतला.

“बाई, पोरगी तुमची गुणाची आहे,” ते एनिफाला म्हणाले. “पण सरकारने आत टाकलेला मामा चालतो एक वेळ. गावाने मतं देऊन आत ठेवलेला मामा आम्ही घरी जाऊन सांगू कसा?”

“त्याने काही केलेलं नाही हो.”

“तेच तर. काही केलं असतं, तर आम्हाला समजलं तरी असतं.”

ते गेले. मुलगा सोमवारच्या बसने दक्षिणेला गेला. जाताना त्याने खिडकीतून मान बाहेर काढून बाजाराकडे पाहिलं म्हणतात, पण तियामिके त्या दिवशी बाजारात नव्हती. ती घरी कोंबडीच्या पायांची गाठ सोडत बसली होती आणि ती सुटत नव्हती. एनिफा तिच्याशेजारी बसली आणि ढसाढसा रडली. तिला लाज वाटली नाही. आपण त्या दिवशी वायसनला बाजूला ढकलून भावाचा हात धरून चालू का लागलो नाही, या विचाराने तिला स्वतःचा इतका राग आला, की तिने दोन दिवस मांदासी तळली नाहीत.

पावसाळा संपला. पाहणी झाली. पाहणीत एक हा आकडा फारच लहान आढळल्याने तो वाढावा म्हणून प्रयत्न सुरू झाले, आणि इन्स्पेक्टर चिमेन्यांनी आपली बदली मागून घेतली. लामेक आतच होता. त्याच्या कोठडीबाहेर आता वेळापत्रक लावलेलं होतं.

एके सकाळी काचिंगा एनिफाच्या चुलीपाशी आले. हातात गुळगुळीत कागदाचं नवंकोरं पुस्तक होतं. पहिल्या पानावर लामेक, गजांमागे. आत पंप, ताफा, नोंदवही, कार्यशाळा, कोंबडी, मतदान, सगळं क्रमाने आणि फार चांगल्या भाषेत लिहिलेलं होतं. वायसनची स्वतःची थोडी थट्टासुद्धा केली होती. त्याला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

“माई, राजधानीत याच्यावर उड्या पडल्यात. कुठल्या कुठल्या भाषांत जातंय. तुम्ही पोरीजवळ बसून रडता ना, तिथे भल्याभल्यांचा घसा दाटून येतो. आणि मतदानाला तर लोक पोट धरून हसतात.”

एनिफाने कढईतली मांदासी उलटी केली.

“किती जणांनी वाचलं?”

“हजारोंनी.”

“वाचून कुणी ठाण्यावर आलं?”

“ते येणारे लोक नव्हेत, माई. वाचणारे आहेत.”

“अर्ध्यात टाकून देत असतील.”

“छे छे. अगदी शेवटपर्यंत वाचतात.”

“आणि मग काय करतात?”

काचिंगांनी पुस्तक मिटलं. एरवी ते प्रत्येक गोष्टीला वही काढायचे, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना वहीत बघावं लागलं नाही.

“मग पुढची गोष्ट वाचायला घेतात.”